लाखेचं पॉलिश

आमच्या घरात वर-खाली करायला एकच जिना आहे आणि तो थेट दुकानात उतरतो. हे आधीच सांगते, कारण पुढचं सगळं भांडण त्यातूनच उभं राहिलं. मंचरच्या बाजारपेठेत खाली आमचं कापडाचं दुकान, वर राहतं घर, आणि मधे हा लाकडी जिना, अगदी भारी साड्यांच्या कपाटाला खेटून. घरातून रस्त्यावर जायचं तर गिऱ्हाइकांच्या मधून वाट काढावी लागते. लग्न होऊन आले तेव्हा मला त्याची फार चीड यायची. माझं माहेर जुन्नरचं, तिथेही आमचं दुकानच होतं, पण त्या घराला निदान मागचं दार होतं.

जिना सागवानाचा आहे हे मला कित्येक वर्षं माहीतच नव्हतं. दर दिवाळीला माझे दीर माणूस लावून त्यावर चॉकलेटी ऑइलपेंट फासायचे. गिऱ्हाइकाला आत आल्याआल्या जिना दिसतो, तो चकाकला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. त्यांचं काय जातंय? ते बायपासजवळच्या बंगल्यात राहतात. त्या चकाकत्या पायऱ्यांवरून पाण्याच्या बादल्या आणि किराणा घेऊन आम्हीच चढतो.

आणि चढायच्या-उतरायच्या माझ्या सासूबाई. सासरे गेल्यापासून त्यांचा दिवस ठरलेला होता. सकाळी अनवाणी जैन स्थानकात जायचं, आसनावर घटकाभर ध्यान धरून सामायिक करायची, साध्वीजी आलेल्या असल्या तर प्रवचन ऐकायचं, आणि परत आल्यावर जिन्याच्या पायथ्याशी खुर्ची टाकून जेवणापर्यंत दुकानात बसायचं. वर एकटं बसून काय करू, म्हणायच्या. खाली माणसं असतात. माणसांशी बोलल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे, आणि बोलताना त्यांची जीभ कुणाच्या बापाला भीत नसे.

तिथेच माशी शिंकली. लग्नसराईत आमच्याकडे बस्ता बांधायला माणसं येतात. आहुप्याकडच्या डोंगरातून जीप भरून येतात, नवरी, तिचे आईबाप, मामा, आत्या, सगळे गादीवर फेर धरून बसतात, आणि एका बैठकीत दोन्हीकडच्या मानपानाची खरेदी उरकतात. दिराचा सगळा जीव त्या बैठकीत. ते पैठणीची घडी उलगडून नवरीच्या खांद्यावर टाकणार, इतक्यात मागून सासूबाईंचा आवाज यायचा.

"पोरी, रेशमी कशापायी घेतीस? त्याच्यात किडं उकळून मारत्यात. सुती घे चांगली, लई टिकती."

पुष्कळ गिऱ्हाइकं हसून सोडून द्यायची. एकदा मात्र एका नवरीच्या आत्यानं साडी खाली ठेवली, "आजी म्हणत्यात ते खरं हाय का वो?" असं दिरांना विचारलं, आणि त्यांचं तोंड गोरंमोरं झालेलं बघून सगळी बैठकच उठली. बस्ता समोरच्या दुकानात बांधला गेला. दीर त्या दिवशी आईंना काही बोलले नाहीत. आमच्यात आईला उलटून बोलायची पद्धत नाही. तिला गप्प कसं बसवायचं याचा विचार करायची मात्र पद्धत आहे.

पुढे वळवाच्या पावसात सासूबाई जिन्यावरून घसरल्या. स्थानकातून ओल्या पायांनी आल्या होत्या, वर चढताना ऑइलपेंटवरून पाय सटकला आणि कमरेवर आपटल्या. हाड मोडलं नव्हतं, मुका मार होता. डॉक्टरांनी थोडे दिवस विश्रांती सांगितली आणि मग चालायला लागा म्हणाले, बसून राहिलात तर पाय आखडतील. हे सगळ्यांनी ऐकलं. तरी घरी आल्यावर दीर म्हणाले, "आई, आता खाली उतरायचं नाव काढू नका. वरच आराम करा. प्रवचन मी मोबाईलवर लावून देतो."

किती मायेनं बोलले. मला तेव्हाच त्यातला सुटकेचा सूर ऐकू आला होता, पण म्हटलं, आपलाच स्वभाव वाईट, आपल्याला सगळीकडे वाकडंच दिसतं.

सासूबाईंचं दुखणं गेलं, पण भीती गेली नाही. रोज सकाळी अंघोळ करून, पांढरं लुगडं नेसून त्या जिन्याच्या तोंडाशी यायच्या. कठडा धरून एक पाय खाली टाकायच्या आणि परत घ्यायच्या. "पाय धरत न्हाई, बिनणी," म्हणायच्या, त्यांच्या मारवाडीत सून म्हणजे बिनणी, आणि मागे फिरून मोबाईल समोर ठेवून बसायच्या. मोबाईलमधल्या साध्वीजींना त्या हात जोडायच्या, मग स्क्रीन बंद पडायचा, मग त्या मला हाक मारायच्या. हे बघून माझ्या तळपायाची आग मस्तकाला जायची. ज्या बाईनं सगळं आयुष्य हे घर वर-खाली केलं तिला डबाभर रंगानं वर कोंडून ठेवलं होतं.

मी ठरवलं, हा रंगच काढायचा. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, बघ तुला जमतंय का. पुण्याला माल आणायला गेला तेव्हा येताना रंग काढायचं औषध, पॉलिश पेपर आणि लोखंडी पत्र्या घेऊन आला. मला तेव्हा तो किती चांगला वाटला होता.

औषध लावलं की रंगाला फोड यायचे, मग पत्रीनं खरवडायचं. चॉकलेटीखाली चॉकलेटी, त्याखाली हिरवा, त्याखाली गेरूसारखा तांबडा. नाकातोंडात धूळ जाऊ नये म्हणून मी तोंडाला फडकं बांधलं होतं. सासूबाई वरून बघत होत्या. म्हणाल्या, "साध्वीजींसारखी मुहपत्ती बांधलीस? दीक्षा घेतीस का काय?" मी म्हटलं, घेईन, पण आधी तुमच्या धाकट्याला देईन. त्या तोंडावर पदर धरून हसल्या. खाली गिऱ्हाइकं माना वर करून बघायची आणि दीर त्यांना सांगायचे, वहिनींना हौस आहे. हौस. माझ्या बोटांची सालं निघाली होती.

तळाशी लाकूड लागलं तेव्हा मात्र मी पत्री खाली ठेवली आणि त्यावरून हात फिरवला. मधासारख्या रंगाचं, उभ्या रेषांचं, नितळ सागवान होतं. पायऱ्यांच्या मधोमध पावलांनी खोलगट झालेलं होतं, आणि त्या खोलगटीत पाऊल अगदी नीट बसत होतं. हे सगळं आपण वर्षानुवर्षं रंगानं बुजवत आलो होतो.

दोन फळ्या हलत होत्या, म्हणून अवसरीचा सुतार बोलावला. त्याला म्हटलं, असंच उघडं ठेवते. तो म्हणाला, "उघडं नगा ठिवू, ताई. पायाचं तेल पिऊन काळं पडंल. लाखेचं पॉलिश मारू पातळ हातानं. घसरायचं न्हाई, आन् लाकूड बी दिसंल." मी हो म्हटलं. लाखदाणा स्पिरिटमध्ये विरघळवून त्यानं कापडाच्या बोळ्यानं पॉलिश चढवलं. जिना असा दिसायला लागला की समोरचा दुकानदार मुद्दाम येऊन बघून गेला.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी पाय टाकला. तो धरला. मग दुसरा टाकला. मी खाली उभी होते, दोन्ही हात पुढे करून, उगीचच. त्या उतरल्या, माझे हात बाजूला सारले, आणि स्थानकात गेल्या. त्या दिवशी मी पहिल्यांदा त्या दुकानातून ताठ मानेनं चालले असेन. त्या परत आल्या, खुर्चीत बसल्या, आणि एका बाईला म्हणाल्या, लेकीला सुती घे. दिरांनी माझ्याकडे बघितलं.

थोडे दिवस गेले. चातुर्मास बसला, साध्वीजी गावात आल्या, सासूबाईंना उत्साह आला. आणि एका सकाळी दीर वर आले. एरवी महिनोन्महिने वर न फिरकणारा माणूस चपला काढून, हात धुऊन, आईंच्या पाया पडून, त्यांच्यासमोर बसला. हातात मोबाईल होता. समाजाच्या कुठल्याशा ग्रुपवर कुणीतरी एक व्हिडिओ टाकला होता. झाडाच्या फांदीवर लाखेचे किडे बसलेले, मग ती फांदी तोडलेली, मग ती लाख किड्यांसकट खरवडून, धुऊन, वितळवून तिचा दाणा केलेला.

"आई, मला राहवलं नाही म्हणून सांगतो," ते म्हणाले. "आपल्या जिन्याला हेच लावलंय. एवढ्याशा पॉलिशमागं हजारो जीव जातात. चातुर्मासात तुमच्या पायाखाली नको."

सासूबाई स्थानकात जायला निघाल्या होत्या. हातात आसन होतं. त्यांनी व्हिडिओ शेवटपर्यंत बघितला, आसन खाली ठेवलं, आणि डोळे मिटून "मिच्छामि दुक्कडं" म्हणत त्या जिवांची क्षमा मागितली. मग आपल्या खोलीत गेल्या. त्या दिवसापासून त्यांनी जिन्यावर पाऊल ठेवलं नाही.

मी दिरांच्या मागोमाग खाली उतरले. दुकानात दोन-तीन गिऱ्हाइकं होती. मी काही कुणाची भीड ठेवली नाही. म्हटलं, "भाऊजी, हे मागचं कपाट उघडा. यातली एकेक पैठणी आईंच्या समोर ठेवा, आणि तिच्यामागं किती जीव गेले त्याचाही व्हिडिओ दाखवा."

"विकणं वेगळं, वापरणं वेगळं, वहिनी," ते शांतपणे म्हणाले. "धंदा हा धंदा असतो."

चातुर्मासात आमच्या घरात कांदा येत नाही, पण माझ्या दिरांना नाकानं सोलायला तो बारा महिने पुरतो. स्वतःच्या लग्नात हा माणूस डोक्यापासून पायापर्यंत रेशमात होता. मी तेही बोलले. जे जे तोंडात आलं ते सगळं बोलले. एक गिऱ्हाईक हळूच उठून गेलं. दिरांनी साडीची घडी घातली आणि दुसऱ्या बाईला विचारलं, "आणखी काय दाखवू?" त्या घडीवरून त्यांनी हात असा फिरवला की मला ती साडी त्यांच्या अंगावर फेकावीशी वाटली.

मी वर जाऊन सासूबाईंसमोर बसले. म्हटलं, "आई, तुम्ही लग्नात लाखेचा चुडा घातला होता. मीही घातला होता. आपल्याकडच्या सगळ्या बायका घालतात. तेव्हा कुणाला पाप लागलं नाही का?"

"तवा ठाऊक नव्हतं," त्या म्हणाल्या. "आता ठाऊक हाय."

"अहो, त्यांना तुमचा धर्म पाळायचा नाहीये. त्यांना तुम्ही खाली यायला नकोत. तुम्ही गिऱ्हाइकांना रेशीम घेऊ नका म्हणता ना, म्हणून. तुम्हाला वर बसवायला त्यांनी हे शोधून काढलंय."

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं होतं त्यांना धक्का बसेल. त्या म्हणाल्या, "मला काय कळत न्हाई व्हय? पोटचा पोरगा हाय माझा. कशापायी सांगितलं ते कळलं मला. पण लाख किड्याची असती, हे तर खरं हाय ना?"

हो म्हणून मी मान हलवली.

"सांगणारा लबाड हाय म्हणून खरं खोटं व्हत न्हाई, बिनणी."

मला त्यांचाही राग आला. खरं सांगते, त्या क्षणी सगळ्यात जास्त त्यांचाच आला. दिरांना त्यांची ही गाठ बरोबर माहीत होती. कडी लावली तर आई ती काढतील, कुलूप लावलं तर आरडाओरडा करतील. म्हणून त्यांनी आईंचाच धर्म दाराला लावला. आणि आई आत बसून ते दार आपल्या हातानं धरून ठेवणार होत्या. असल्या लबाडीला शिक्षा नाही. उलट समाजात माणसं म्हणतील, किती काळजी घेतो आईची.

जेवताना मी नवऱ्यापुढे सगळा राग ओकला. तो खाली मान घालून जेवत होता. माझं बोलून संपलं तेव्हा म्हणाला, "त्यानं मला विचारलं होतं आधी."

"काय विचारलं होतं?"

"आईला सांगू का म्हणून. मी म्हटलं, सांग." मग त्यानं आमटीची वाटी पुढे ओढली. "सणांचा सीझन तोंडावर आलाय. दुकान चालायला पाहिजे ना. दोघांचंही आहे ते."

ज्यानं पुण्याहून मला पत्र्या आणून दिल्या तोच हा माणूस. दिराचा राग मला पेलत होता, कारण त्यांच्याकडून मी कधी काही अपेक्षा केली नव्हती. या रागाला मात्र मला जागाच सापडेना. मी त्याच्या ताटात वाढलेली पोळी उचलून परत डब्यात ठेवली. सासूबाई आत होत्या. त्यांना हे सांगायचं नाही, एवढं मात्र मी ठरवलं. एका मुलाची लबाडी ती बाई गिळू शकली होती. दुसऱ्याची तिच्या ताटात मी कशाला वाढू?

मग मी उठले. लाख स्पिरिटमध्ये विरघळते तर स्पिरिटनंच निघेल, एवढी अक्कल मला होती. कॅन आणला, जुन्या चादरी फाडल्या, आणि वरच्या पायरीपासून सुरुवात केली. पायरी भिजवायची, लाख चिकट झाली की पुसायची, परत भिजवायची. मुद्दाम सकाळीच बसायचे, दुकान भरलेलं असताना. स्पिरिटचा वास असा सुटायचा की गादीवर बसलेल्या बायका नाकाला पदर लावायच्या.

"वहिनी, गिऱ्हाईक आहे. दुपारी करा की," दीर एकदा म्हणाले.

"जीवहत्येचा जिना आहे, भाऊजी. एक दिवस तरी कसा ठेवू?" मी मोठ्यानं म्हटलं. गादीवरच्या बायकांनी जिन्याकडे बघितलं. मग दिरांनी पंखा वाढवला.

नवरा एकदा येऊन खालच्या पायरीशी उभा राहिला. "मी करू का थोडं?" म्हणाला. मी म्हटलं, "दुकान चालायला पाहिजे ना." तो गेला. आपण किती वाईट बोलू शकतो याचं मला त्या दिवसांत जराही वाईट वाटत नव्हतं. अजूनही वाटत नाही.

पुन्हा सगळं लाकूड उघडं झालं. आता लावायचं काय? आमचा मुलगा शाळेत असताना क्रिकेटच्या बॅटला जवसाचं तेल चोळायचा, ते आठवलं. ती बॅट अजून माळ्यावर आहे, आणि लाकडाला काही झालेलं नाही. जवसाचं तेल आणलं, त्यात थोडं टर्पेंटाइन घातलं आणि फडक्यानं लाकडात जिरवलं, वरचं पुसून घेतलं. एकदम सगळा जिना तेलकट करून चालणार नव्हतं, घरात जायला दुसरी वाट नाही. म्हणून एक सोडून एक पायरी करायची, ती वाळली की मधल्या. मधल्या दिवसांत घरातली सगळी माणसं एकेक पायरी गाळून लांब ढांगा टाकत चढायची. दीर वर आलेच नाहीत. नवरा एकदा चुकून ओल्या पायरीवर पाय देऊन गेला. मी तो ठसा त्याच्यादेखत पुसला.

पावसाळी हवेत तेल लवकर वाळेना. साध्वीजींचं प्रवचन रोज चालू होतं आणि सासूबाई रोज मोबाईलसमोर बसत होत्या. मी रोज बोट लावून बघायचे. जिना पूर्वीसारखा झळकत नव्हता. आता तो नुसता लाकडाच्या रंगाचा दिसत होता, आणि हात फिरवला की हाताला धरत होता.

शेवटी वाळला. मी सासूबाईंना बोलावलं. त्या जिन्याच्या तोंडाशी आल्या, पण पाऊल टाकलं नाही.

"याच्यात काय हाय?"

"जवस. खायचं असतं तेच."

"आणिक?"

"टर्पेंटाइन. झाडाचा चीक असतो."

"झाड मारत्यात व्हय त्याच्यापायी?"

"नाही. झाडाला चीर पाडतात, चीक गळतो, झाड जगतं."

त्यांनी बराच वेळ विचार केला. मी मनातून जळत होते. म्हटलं, आता यातही काही निघालं तर हा जिना मी कुऱ्हाडीनं फोडते आणि दोरीवरून उतरवते तुम्हाला. त्यांनी वाकून पायरीला हात लावला, हात नाकाशी नेला, आणि मग पाऊल टाकलं.

त्या सावकाश उतरत होत्या. मी मागे होते. खाली पैठणीचं गिऱ्हाईक बसलं होतं. दीर हातात साडी घेऊन थांबले होते, आणि गल्ल्यावर माझा नवरा होता. शेवटच्या पायरीवर त्या थांबल्या, कठडा सोडला, आणि आसन काखेत मारलं. मला वाटलं आता रेशमावरून काहीतरी बोलतील. दिरांनाही तेच वाटलं असणार, कारण त्यांनी साडी खाली ठेवली.

त्यांनी दिरांकडे बघितलंही नाही. गल्ल्याकडे बघत त्या मला म्हणाल्या, "चल बिनणी. ह्यानं आणिक कशाला हो म्हणायच्या आत जाऊन येऊ."

नवऱ्यानं मान खाली घातली. मी सासूबाईंना काहीच सांगितलं नव्हतं.